दोन माणसांचा भार

"हादरा येतो आहे. पूर्वेच्या खोल्यांत चला," भिंतीतून पुन्हा आवाज आला.

कालिंदीने डोळे मिटून घेतले. खोऱ्यातल्या नव्या इमारती वजनाला हलक्या होत्या आणि हादऱ्याच्या वेळी राहणाऱ्या माणसांच्या भारावरच आपला तोल सांभाळत. अशी एकही इमारत आजवर पडली नव्हती. पण आठवडाभर हादरे थांबत नव्हते, आणि दर खेपेला खाट ढकलली की सासऱ्यांच्या मोडलेल्या खुब्यातून कळ जाई. आत्ता कुठे त्यांचा डोळा लागला होता.

"कालिंदीताई, तुमच्या घरचा भार अजून पश्चिमेला आहे."

"राहू दे," ती म्हणाली. "मी नाही हलवणार त्यांना. माझ्यात आता त्राण नाही."

मग सगळ्या घरांत आवाज घुमला, "कालिंदीताईंकडे पूर्वेला दोन माणसं हवीत."

तळमजल्यावरच्यांना अशा वेळी अंगणात पळायची मुभा होती. तरीही जिन्यात पावलं वाजली. खालचे मुजावरचाचा आणि चाची धापा टाकत आत आले आणि थेट पूर्वेच्या स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून बसले.

हादरा आला आणि गेला. सासऱ्यांची झोप मोडली नाही.

कालिंदी पाणी द्यायला उठू लागली, तशा चाची म्हणाल्या, "काही नको गं. पुढचा येऊन जाईपर्यंत आम्ही इथंच आहोत. तू जरा आडवी हो."

ती खाटेशेजारी जमिनीवरच आडवी झाली. आत चाची हळू आवाजात चाचांना विचारत होत्या, गुडघा चोळून देऊ का म्हणून. ते काय म्हणाले हे ऐकायच्या आतच तिला झोप लागली.