चक्र फिरतंय तोवर

चक्र फिरत होतं.

मोनिकाने की-बोर्डखालून पुस्तक ओढलं, प्रश्न मोठ्याने वाचला, डोळे मिटले आणि उत्तर दिलं. "बरोबर ना, आजी?"

"मला काय ठावं?" समोर दाखल्यासाठी बसलेल्या बनुबाई म्हणाल्या. "पर तू आडली न्हाईस, म्हंजी बरोबरच."

"पुढचा. नेवासा कोणत्या नदी..."

स्क्रीनवरचं चक्र थांबलं, पान उघडलं. पुस्तक की-बोर्डखाली गेलं. प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

"प्रवरा," बनुबाई म्हणाल्या. "म्हायेर हाय माझं. मला एक मार्क धर."

घोडेगावच्या ह्या ई-सेवा केंद्रात नियम मालकाचा होता. चक्र फिरतंय तोवर मोनिका मोकळी. पान उघडलं की मालकाची.

भिमाजीकाकांनी हा नियम केला तो भांडण झाल्यावर. आधी ते म्हणाले होते, दुपारनंतर घरी जात जा, अभ्यास कर, पगार पुरा देतो. मोनिका ताडकन उठली होती.

"काम न करता पगार नको, काका. पप्पांना कळलं तर घरात घेणार नाहीत."

"मग बस हितंच," काका गुरगुरले. "पर माझ्या कामाच्या वेळेत पुस्तक दिसलं तर बघ."

घरी पुस्तक उघडायची सोय नव्हती. संध्याकाळी मम्मीबरोबर डब्यांच्या चपात्या. त्यात पप्पांनी, म्हणजे आमोस मास्तरांनी, सांगून टाकलेलं: तलाठी भरतीची ही शेवटची खेप. नाही जमलं तर चाकणला आत्याकडे राहायचं आणि कंपनीत पॅकिंगला लागायचं. मोनिकाने मान डोलावली होती.

तिच्याकडे वेळ होता तो एवढाच. चक्राएवढा.

नशीब, नेट भयंकर होतं.

चक्र.

दिवाळीच्या तोंडावर नेटवाला मच्छिंद्र राउटरचा नवा डबा घेऊन आला. "भिमाजीशेठ, ह्याच्यावर पान कसं टचकन उघडतंय बघा."

मोनिकाचा चेहरा पडला. टचकन उघडलं तर शेकडेवारी कधी करायची?

काकांनी तिच्याकडे पाहिलं, डबा उचलला आणि मच्छिंद्रला घेऊन मागच्या निळ्या पडद्याआड गेले. बऱ्याच वेळाने दोघं हात झटकत बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी चक्र फिरत होतं. जसं फिरायचं तसंच.

"नवा डबाबी भिकार निघाला," काका म्हणाले.

मोनिकाने मनातल्या मनात प्रभूचे आभार मानले.

पडद्यामागे काकांचं देवघर होतं. दुकान उघडलं की "देवाचं बघून येतो" म्हणत ते आत जात. मोनिका कधी गेली नाही. दुसऱ्याच्या देवापाशी न विचारता जाऊ नये, हे तिला चर्चमध्ये आणि घरी, दोन्हीकडे शिकवलेलं. उदबत्तीचा वास तेवढा कधी यायचा नाही. काका चिकट. काडी वाचवत असतील.

चक्र.

बाजाराच्या दिवशी कांदेवाला गोरक्ष आला आणि तापला. "आमच्या वस्तीवर मोबाईलला पिच्चर न अडकता चालतोय, अन् तुमाला साधा सातबारा निघंना व्हय?"

"गोरक्ष," काका उठले. "आधी देवाच्या पाया पडून ये. चल."

दोघं पडद्याआड गेले. गोरक्ष बाहेर आला तो ओठ दाबून. हसू येत असल्यासारखा. त्याने खुर्ची ओढली आणि खिशातून शेंगा काढल्या.

"चालू द्या ताई, निवांत. इचारू का मी एखादा?"

नंतर तो दर बाजाराला येऊ लागला. त्याचं काम काय असायचं, हे त्यालाही सांगता यायचं नाही.

चक्र. शेकडेवारी.

चक्र. पंचायत राज.

पान.

चक्र. "दोन नळ टाकी भरत्यात, तिसरा रिकामी करतोय..." गोरक्षने पुस्तक खाली ठेवलं. "च्यायला, तो तिसरा बंद का करीत न्हाईत?"

"लोकांचं पाणी वाया घालवत्यात अन् पोरीला हिशेब इचारत्यात," बनुबाई म्हणाल्या.

पान.

परीक्षा झाली.

निकालाच्या दिवशी केंद्रात उभं राहायला जागा नव्हती. पप्पा दारातच थांबले, हातात हेल्मेट. मोनिकाने बैठक क्रमांक टाकला.

चक्र फिरू लागलं.

सवयीने तिचा हात की-बोर्डखाली गेला. तिथे काही नव्हतं. गोरक्षने शेंगा सोलायच्या थांबवल्या. चक्र फिरतच होतं.

"काका," मोनिकाचा आवाज चिरकला, "आज तरी... आजच्या दिवस तरी..."

बनुबाईंनी भिमाजीकाकांकडे पाहिलं. गोरक्षने पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"देवाचं बघून येतो," काका म्हणाले.

पडदा हलला. आत काहीतरी खुडबुडलं.

"आता दाब," आतून आवाज आला.

तिने दाबलं. पान टचकन उघडलं.

तिचं नाव. पुढे एकच शब्द: निवड.

गोरक्षने ओंजळभर शेंगा छताकडे उधळल्या. पप्पांच्या हातातलं हेल्मेट खाली पडलं आणि गडगडत गेलं, ते कुणी उचललंच नाही. "माझा मार्क धरला व्हता का न्हाई?" बनुबाई ओरडून विचारत होत्या.

"काका, तुमचा देव पावला!" मोनिका खुर्चीतून उठली ती थेट पडद्याकडे. "आज मीपण पाया पडते."

"नगं नगं," काका आडवे आले. "आत लई पसारा हाय."

तोवर तिने पडदा ओढला होता.

देव नव्हता. फळीवर मच्छिंद्रचा नवा डबा हिरवा लुकलुकत होता, त्याच्यावरचं प्लॅस्टिकही निघालेलं नव्हतं. शेजारी जुना डबा. त्याची वायर उपसून खाली लोंबत होती, आणि तो हाताला अजून गरम लागत होता.