तासभर आधी

शनिवार, ९ मार्च १९७४. सकाळी दहाला पाच कमी असताना आल्बन ट्रीस गावच्या हॉलचं दार ढकलून आत आला आणि कोट न काढताच थबकला. कोलिनचे ड्रम मांडून तयार होते.

ते तसे असायला नको होते. कोलिनला अकराची वेळ दिली होती. बाकी तिघांनी दहाला जमायचं, त्याला काढण्यासाठी हात वर करायचे आणि तो आला की दारातच सांगून टाकायचं, असं ठरलं होतं. ‘मार्श लँटर्न’ या त्यांच्या बँडमधून माणसं अशीच जात. ही पद्धत आल्बनचीच. त्याला भांडणं झेपत नसत. सात वर्षांत गायक गेला, दोन गिटारवाले गेले, ट्रम्पेटवाला गेला. प्रत्येकाला तासभर उशिराची वेळ मिळाली होती. प्रत्येकाचं सामान दाराशी बांधून ठेवलेलं असे, आणि प्रत्येकाने ते कोट न काढताच उचललं होतं.

या खेपेला कोलिनचा गुन्हा तेरा मात्रांचा होता. बँडची नवी रचना सतरा मिनिटांची, तेरा मात्रांच्या आवर्तनातली. आल्बनने आपल्या ऑर्गनवर बसून ती लिहायला हिवाळा घालवला होता. नवव्या मात्रेवर कोलिन दर वेळी मागे पडायचा. जॅझवाले म्हणत हे रॉक आहे, रॉकवाले म्हणत हे जॅझ आहे. आल्बनला दोघांचंही वाईट वाटत नसे. मागे पडणारा ड्रमर मात्र त्याला चालत नसे.

मेरिक हॉबडे रंगमंचाच्या पायरीवर बसला होता. अंगात कोट, गुडघ्यांमध्ये पेटीत बंद केलेली बास गिटार. त्याने आणि आल्बनने कँटरबरीच्या शाळेत, भूगोलाच्या वर्गात, हा बँड सुरू केला होता. पहिल्या पाचांतले आता हेच दोघे उरले होते. मेरिकने मान वर केली नाही.

आल्बनने जाता जाता बासच्या ध्वनिवर्धकावर, ॲम्पवर, तळहात ठेवला आणि झटकन काढला. पत्रा चांगलाच तापला होता. त्याच्या आतले काचेचे व्हॉल्व्ह इतके तापायला पाऊण तास तरी लागतो. म्हणजे मंडळी नऊपासून इथे होती.

मग त्याला दाराशी ठेवलेला गठ्ठा दिसला. स्वरलिपीचे कागद, सुतळीने नीट बांधलेले. अक्षर त्याचं स्वतःचं होतं.

“दहा म्हणजे दहा. वक्तशीर गडी,” लुइन म्हणाला. तो सॅक्सोफोन वाजवायचा, आणि फोन करून वेळा कळवायचं कामही त्याच्याकडेच होतं.

“कोलिनला किती वाजताचं सांगितलंस?”

“नऊ.”

कोलिन फॉसडाइक ड्रमच्या मागे बसून काठ्या पुसत होता. “मनाला लावून घेऊ नकोस, आल्बन,” तो म्हणाला. “तुझ्या तेरा मात्रांत लोक बारपर्यंत जातात, बिअर घेतात आणि समेला बरोब्बर परत येऊन बसतात. मीच बघतो ना मागून.”

मागच्या स्वयंपाकघरात कोणीतरी कप विसळत होतं. दार लावलेलं होतं.

“हात वर केलेत?” आल्बनने विचारलं.

“केले,” लुइन म्हणाला. “तुझ्याच पद्धतीने.”

आल्बन मेरिककडे वळला. “तू केलास?”

मेरिक आपल्या बुटांकडे पाहत राहिला.

“बावीस वर्षांची दोस्ती आपली! तुझ्या आईच्या हातच्या पावावर वाढलोय मी. तोंडाने तरी सांग की लेका.”

लुइनने घसा खाकरला. “ऑर्गनची काळजी करू नकोस. सोमवारी घरी पोचता करतो.”

“तो उचलायला चौघं लागतात.”

“आहोत की आम्ही चौघं.”

आल्बनने मोजलं. कोलिन, लुइन, मेरिक. चौथा स्वयंपाकघरात कप विसळत होता. म्हणजे ऑर्गनवाला मिळालासुद्धा. त्याने गठ्ठा काखेत मारला. कोटाची बटणं लावायची गरज नव्हती, ती लावलेलीच होती.

बसथांबा चर्चच्या भिंतीला लागून होता. कँटरबरीची बस दहा पस्तीसची. आल्बन बाकावर बसला. थोड्या वेळाने रस्त्यावर पावलं वाजली. मेरिक गिटारची पेटी घेऊन आला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

“आता काय हवंय?” आल्बन म्हणाला. “चल फूट. तालीम चुकेल तुझी.”

“मी हात वर केला नाही.”

“मग खाली ठेवलास? मोठा उपकार केलास.”

“मला विचारलंच नाही कोणी.” मेरिकने पेटी पायांशी आडवी ठेवली. “मलाही उशिराचीच वेळ दिली होती, साडेनऊची.”

आल्बनने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या कोटाकडे.

“मग मघाशी बोलला का नाहीस?”

“तू तिथे एकटा उभा राहू नयेस म्हणून बसून राहिलो. बोलायला काही सुचलं नाही.”

“आणि तुझा ॲम्प? तो कोणी तापवला?”

“नव्या बासवाल्याचं नाव नाही सांगितलं त्यांनी. दार लावलेलं होतं, मी बाहेर उभा राहून ऐकलं. तुझीच रचना चालली होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत.”

“नववी मात्रा?”

मेरिकने पेटीची कडी चाचपली. “बरोबर पडत होती. कोलिनसुद्धा चुकला नाही.”

हॉलमध्ये ड्रम सुरू झाले. इथवर ऐकू येत होतं. आल्बनने मांडीवर बोटाने मात्रा मोजायला सुरुवात केली. कोलिनसाठी ठरवलेले अकरा वाजले तरी बस आलेली नव्हती.