एकच तर नाव

"फायली काढा. झाडून सगळ्या," तपास खात्याचा साहेब म्हणाला आणि पेशंटच्या खुर्चीत ऐसपैस बसला. स्टेशनात स्फोट झाला होता. पकडलेल्यांपैकी एक जण मनाच्या आजारावर या दवाखान्यात यायचा म्हणे.

डॉक्टरीणबाईंचं डोकंच सणकलं. "त्याच्या एकट्याच्या नावाचा कोर्टाचा हुकूम आणा. त्याची फाईल मी स्वतः काढून देते. बाकीच्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

"देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, बाई. हुकूमबिकूम नंतर बघू."

"नंतर? अहो, आईबापालाही न सांगितलेलं लोक इथे येऊन सांगतात. ते काय तुमच्या कपाटात जाऊन पडायला?"

"उद्या दवाखान्याला टाळं लागलं, तर मला बोल लावू नका."

फायलींचं कपाट सांभाळणाऱ्या मावशी दाराशी उभ्या होत्या. त्यांना काही राहवेना. "अहो साहेब, सगळ्यांच्या म्हणजे... त्यात तुमच्या–"

"मावशी! चहा टाका!" बाई कडाडल्या.

मावशी जीभ चावून आत पळाल्या.

दर गुरुवारी याच खुर्चीत साहेबाची बायको येऊन बसायची आणि रडायची. घरी सांगायची चोरी. फोनमधला त्याचा फोटो तिनेच दोघींना दाखवला होता. आता तिचं नुसतं नाव घेतलं असतं, तर ही स्वारी शेपूट घालून पळाली असती. नाव अगदी जिभेवर आलं होतं. बाईंनी ते गिळलं. संताप संताप झाला त्यांचा. दादागिरी करणार हा, आणि तोंड दाबून बसायचं आपण!

"टाळं खुशाल घाला," त्या म्हणाल्या. "कपाटाची किल्ली मिळणार नाही."

साहेब तणतणत उठला. दारापर्यंत गेला आणि थबकला. आत मावशी कपबशा मांडत होत्या. तो वळला, तेव्हा त्याचा आवाज पार उतरला होता.

"मावशी मघाशी काय म्हणत होत्या? आमच्या घरचं कुणी... येतं का इथे?"

बाईंनी कपाटाची किल्ली खणात टाकली.

"एकच तर नाव विचारतोय, बाई. नुसतं हो की नाही, एवढंच सांगा."

"एका नावालाही कोर्टाचा हुकूम लागतो, साहेब."