ट्रॅक्टरचा पोळा

हँडलनं उलटा हिसका दिला आणि मुंजाजीच्या मनगटातली कळ थेट खांद्यात गेली. त्यानं शिवी हासडली, ती आबासाहेबाला. पूर्णेहून आणलेला सूर्यभान मिस्त्री म्हणाला, "फिरवा पुन्यांदा." मुंजाजीनं पुन्हा जोर लावला. पोळा उद्यावर आला होता आणि बापाचा ट्रॅक्टर अजून नुसता खोकत होता.

निजामाचं राज्य गेल्यावर बापानं हा ट्रॅक्टर आणला होता, पंचक्रोशीतला पहिला. बाप गेला आणि चिंचेखाली तो जो उभा राहिला तो राहिलाच. सीटवर कोंबड्या बसू लागल्या. बॉनेटमधून दोडक्याचा वेल वर आला. मुंजाजीला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

त्याला सोयरसुतक होतं ते मानाचं. पोळ्याला मारुतीपुढच्या तोरणाखालून पहिला बैल त्याच्या घरचा जायचा, मग गावाचे. ही गोष्ट चुलतभाऊ आबासाहेबाच्या डोळ्यांत सलायची. मुंजाजीच्या जोडीतला एक बैल मागल्या साली मेला. औंदा पोळा जवळ आला तसा आबासाहेब चावडीवर सगळ्यांदेखत बोलला, "एका म्हाताऱ्या बैलावर मान मिरवायलास व्हय? त्यापरीस बापाचं ते भंगार आण की तोरणाखाली. कोंबड्या तरी मिरवतील."

चावडी हसली. मुंजाजीला कुणाचं हसू सोसत नसे.

"आणतो," तो म्हणाला. "औंदा पहिलं चाक माझं जाईल."

गावातले वडीलधारे तात्याराव मिटवायला गेले आणि पेच आणखी घट्ट करून बसले. ट्रॅक्टर आपल्या जोरावर आला तर मान मुंजाजीचा. ढकलत आणला, नाहीतर आलाच नाही, तर पहिला जाईल त्या बैलवाल्याचा. मान मग पुढंही त्याच्याच घरी राहायचा.

मग मुंजाजीला दुसरं काही सुचेना. सूर्यभाननं इंजन उघडलं तर पिस्टन जाम. रॉकेल आणि गोडंतेल पाजून पाजून ते सैल केले. रिंगा गेल्या होत्या, बेअरिंगा गेल्या होत्या. दर खेपेला नवीन काहीतरी निघायचं आणि पैसा लागायचा. शेवटी मुंजाजीनं गोठ्यातून उरलेल्या बैलाला, डावं शिंग खाली वळलेल्या पाखऱ्याला सोडलं आणि पाथरीच्या बाजाराची वाट धरली.

त्याची बायको दगडाबाई वाटेत आडवी उभी राहिली. "त्याला नका नेऊ. म्हातारं जनावर दावणीला कोण बांधील?"

"कोण का बांधंना. मला इंजन पायजे."

बाजारात त्यानं दलालाच्या हातात कासरा दिला आणि मागं वळून पाहिलं नाही. वळला असता तर पाय निघाला नसता, हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याला अजूनच राग आला. त्या दिवसापासून दगडाबाई त्याच्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची आणि उठून जायची. कटकट गेली, असं तो सूर्यभानला सांगायचा.

पोळ्याच्या दिवशी दुपार कलता कलता इंजन लागलं. काळा धूर चिंचेच्या शेंड्याला गेला. मुंजाजीनं ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा घातल्या, बॉनेटला बेगड चिकटवली आणि मारुतीच्या वाटेला लावला. त्याची छाती भरून आली होती. बाप आठवला आणि आबासाहेबाचं तोंड कसं पडेल तेही दिसू लागलं. दुसऱ्यानं जास्त बरं वाटलं.

देवळापुढं बैल ओळीनं उभे होते. ट्रॅक्टर वळणावर आला आणि त्याच्या सायलेन्सरनं दोन बार काढले. झालं. बैल उधळले. झुली फाटल्या, कासरे सुटले, माणसं ओट्यांवर चढली. तरणे बैल शेपट्या वर करून शिवाराकडं पळाले.

एक बैल तेवढा हलला नाही. अंगावर नवी झूल, डोक्याला बाशिंग. सगळ्यांत मागं होता, आता एकटाच राहिला. त्यानं सवयीनं मान खाली घातली, संथपणे पुढं आला आणि शिंगानं तोरण तोडून पलीकडं गेला. त्याचं डावं शिंग खाली वळलेलं होतं.

मुंजाजीनं ट्रॅक्टरवरून उडी टाकली. मागं इंजन आचके देत बंद पडलं.

"हा पाखऱ्या हाय. माझा बैल हाय."

"व्हता," कासरा धरून आबासाहेब म्हणाला. "पाथरीला इकलास. आता मान माझ्या घरी."

"मी तिथं गेलतो हे तुला कुणी सांगितलं?"

आबासाहेब नुसता कासरा ओढत राहिला. बैल थांबायला तयार नव्हता. मानाच्या बैलानं तोरणावरून घरी जायचं असतं, आणि पाखऱ्याला घर एकच ठाऊक होतं. तो आबासाहेबाला ओढत मुंजाजीच्या दारात येऊन उभा राहिला. मागं सगळं गाव.

दगडाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्याबाहेर आली. तिनं पाखऱ्याच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, पुरणपोळी त्याच्या तोंडात दिली. आबासाहेब अंग चोरून बाजूला उभा होता.

मुंजाजी घामाघूम होऊन पोचला. "वैऱ्याच्या बैलाला ओवाळायलीस? अगं, घरातलं कुणीतरी फितूर झालंय. ह्याला बाजाराची बातमी कुणी दिली ते बघ आधी."

दगडाबाईनं दुसरी पोळी मोडली. कितीक दिवसांनी ती नवऱ्याशी बोलली.

"मी दिली. पदर पसरला भावजीपुढं. खाटकाच्या सुरीखाली जाण्यापरीस वैऱ्याच्या दावणीला बरा."