सोयरिकीचं चित्र

राजकन्येला स्थळ सांगून आलं आणि नवऱ्या मुलाने आधी तिचं चित्र मागवलं. दरबारचा चित्रकार रंग-कुंचले घेऊन हजर झाला, पण राजा त्याला आत सोडेना.

"आमच्या घरातल्या बायकांचं तोंड परका पुरुष बघत नाही."

"मग मी काढू काय, महाराज?"

"मुलगी माझ्यावर गेलीय. काढ त्या अंदाजाने."

चित्रकार घरी आला. दरबारातल्या बड्या लोकांचे चेहरे एका बाजूने उतरवून ठेवलेले पातळ कागद त्याच्या पेटीत होते. ही माणसं दर वेळी ताटकळत थोडीच बसणार? त्यातला एक त्याने काढला, नव्या कागदावर गिरवला, ओठ लाल केले, कानात मोती घातले, डोक्यावरून झिरझिरीत ओढणी सोडली, हातात गुलाब दिला आणि चित्र रवाना केलं.

नवरा मुलगा बघताक्षणी खुळावला. जेवायला बसला तरी चित्र समोर. "प्रधानजी, हे नाक बघा. ही हनुवटी बघा. लग्न करीन तर हिच्याशीच."

लग्नाच्या दिवशी वरात राजवाड्याच्या दारात पोचली. सासरेबुवा पायरीवर उभे होते, मान वळवून नोकराला काहीतरी दटावत. नवरदेवाने घोडा थांबवला. तो कानापर्यंत लाल झाला. त्याची नजर काही केल्या हटेना. शेवटी प्रधानजींकडे झुकून तो हळूच म्हणाला,

"चित्रात मिशा नव्हत्या."