पाठ टेकली

डोक्याला पुन्हा मार नको, ही शेवटचीच लढत, असं मंथननं बायकोला, माधवीला, कबूल केलं होतं. जाळीच्या पिंजऱ्यातल्या त्या लाथाबुक्क्यांच्या लढतीत समोरच्या गड्यानं मानेला मिठी घालताच त्यानं नवा शिकलेला चिनी कुस्तीचा डाव टाकला आणि गडी पाठीवर आदळला.

"पाडला गं!" सदलग्यात घरी माधवीशेजारी बसून मोबाइलवर बघणाऱ्या सासूबाईंनी टाळ्या पिटल्या.

तालमीत पाठ टेकली की कुस्ती संपते. त्याच सवयीनं मंथननं पकड सोडली, वळून हात वर केले. पिंजऱ्यात मात्र लढत चालूच असते. गडी उठला आणि त्याची लाथ मंथनच्या कानशिलावर बसली.

 

माधवीनं हंबरडा फोडला, तशा सासूबाई गोंधळून म्हणाल्या, "जिंकला की गं आपला मंथन! मग उठंना कसा त्यो?"