एक जाळं, दोघे राखणदार

"कॉफी नको," फ्रीसन म्हणाला आणि लॉर्नाने पुढे केलेला कप त्याने बोटाने दूर सारला. "मी पाहुणचाराला आलेलो नाही."

"मग निदान बूट तरी दारात काढायचे. सकाळीच फरशी पुसलीय."

फ्रीसनने वाकून पाहिलं. बुटांखाली वितळल्या बर्फाचं थारोळं झालं होतं. त्याने बूट काढले नाहीत.

बाहेर उणे एकतीस. गव्हाची शेतं पार क्षितिजापर्यंत पांढरी, मुकी. अंगणातल्या दोन्ही गाड्या विजेच्या वायरीने भिंतीला बांधलेल्या, गोठ्यातल्या गुरांसारख्या. इंजिनं उबेत ठेवायला, नाहीतर गोठायची.

तीन आठवडे हा माणूस आइस हॉकीच्या रिंकवर, सगळ्यात वरच्या बाकावर बसून होता. टाळी नाही, हाक नाही. शहरातल्या मोठ्या क्लबसाठी पोरं हेरणारा. येत्या शरदातल्या हंगामासाठी त्यांना एक गोलकीपर हवा होता, एकच, आणि गावच्या संघात होते दोन. एक लॉर्नाचा डेल. दुसरा लॅटव्हियाहून आलेला एमिल्स.

एमिल्सही तिच्याच घरात राहायचा. परगावच्या खेळाडूला संघ एखादं घर बघून देतो, घर त्याला अंथरूण आणि जेवण देतं, तशी इथली रीत. तो आला त्या दिवसापासून जाळ्यासमोर तोच उभा. डेल राखीव बाकाच्या टोकाला बसून इतरांसाठी बर्फावर उतरायचं फाटक उघडायचा, लावायचा. लॉर्ना एकाच पातेल्यातून दोघांना पिरोगी, बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, वाढायची. तिचा हात सारखं वाढायचा. मन नाही.

"एक आधीच सांगतो," फ्रीसन म्हणाला, "तुमच्या मुलाबद्दल मी तुम्हाला काहीही विचारणार नाही. आयांना विचारलं की सगळीच पोरं देवाची लेकरं निघतात."

"ठाऊक आहे."

खरंच ठाऊक होतं. हात-पाय बाकावरून दिसतात. स्वभाव विचारायचा तो एका छपराखाली राहणाऱ्याला. परगावच्या पोराबद्दल घरमालकिणीला विचारतात. तीन आठवडे ती याच प्रश्नाची वाट बघत होती.

"एमिल्स कसा आहे?"

"खेळतो बरा. तुम्ही बघताच की."

"खेळ मी बघतो. गोल खाल्ल्यावर पोरगा कुणाकडे बघतो तेही बघतो. घरातलं बोला."

लॉर्नाने फडकं उचललं आणि कोरडा ओटा पुसायला घेतला. "घरातलं काय सांगू? तोंडावर मध, पोटात विष."

"मला अशा म्हणी नकोत, बाई. काय घडलं ते सांगा. खरं बोलतो का पोरगा?"

शेवटचा प्रश्न विचारताना त्याने पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. लॉर्नाला नोव्हेंबरातली ती संध्याकाळ आठवली. एमिल्सने मागे घेताना ट्रक गॅरेजच्या दारावर घातला होता. कुणी पाहिलं नव्हतं. तरी पोरगा नुसत्या मोज्यांवर धावत आत आला, पांढराफटक पडून, आणि म्हणाला, 'मी मोडलं. माझ्या हातून झालं.' डेल खिडकीतून हसत होता.

"गॅरेजचं दार बघितलंत येताना?" ती म्हणाली. "त्याने मोडलं. आठवडाभर तोंडातून चकार शब्द नाही. शेवटी माझ्या डेलने सांगितलं, तेव्हा कळलं."

फ्रीसनने लिहिलं.

"अगदी नक्की?"

"मी काय खोटं सांगतेय?"

"तसं मी म्हणालो नाही." पेन थांबलं. "आणि दोस्तासाठी? एखाद्या दोस्ताला सावरायला खोटं बोलेल?"

दुखणी लपवण्याबद्दल विचारतोय, तिने ताडलं. गोलकीपरांचे खुबे लवकर जातात. पोरं एकमेकांची दुखणी झाकतात.

"स्वतःसाठी बोलतो, मग दोस्तासाठी का नाही बोलणार?" ती म्हणाली. "एप्रिलमधल्या तळ्यावरचा बर्फ बघितलाय ना? वरून कसा काचेसारखा. त्याचा शब्द तसा. पाय ठेवलात की गेलात तळाला."

फ्रीसनने तेही लिहून घेतलं. मग म्हणाला, "वर्ष-सव्वा वर्ष तुमच्या हातचं खाल्लं त्याने."

"म्हणून तर सांगतेय. दुसरं कोण सांगणार?"

"खरंय. दुसरं कुणी नाही." त्याने पेनाला टोपण लावलं.

लॉर्नाच्या छातीवरचा धोंडा हलका झाला. तिने फडकं खाली ठेवलं.

"म्हणजे आता यादीत एकच उरला. माझा डेल."

"पहिल्यापासून एकच होता," फ्रीसन उठत म्हणाला. "एमिल्स वसंतात मायदेशी जातोय, तिथल्या क्लबकडे. डिसेंबरातच ठरलं. तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता त्याला."

"मग..." तिने फडकं पुन्हा उचललं. "मग त्याच्याबद्दल का विचारत होतात?"

फ्रीसनने वहीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. वर डेलचं नाव. खाली प्रशिक्षकाचा शेरा: चिडका. कप्तानाचा: बाकावर कुढतो, दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. संघाची बस चालवणाऱ्याचा: नको. त्याखालचा रकाना एका छपराखाली राहणाऱ्याचा. तो बारीक, वाकड्या अक्षरात काठोकाठ भरलेला. डेल रागावतो पण मनाने चांगला आहे. डेलला एकदा जाळं द्या, मग बघा. तळाशी एमिल्सची सही.

फ्रीसनने पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि त्या सगळ्या रकान्यावर आडवी रेघ ओढली.

"तिघांविरुद्ध एक होता. तरी मी त्या एकाचं ऐकणार होतो," दाराच्या कडीला हात घालत तो म्हणाला. "त्याला विचारलं, तुझा शब्द खरा कशावरून धरू? तर म्हणाला, लॉर्नामावशीला विचारा, ती कधी खोटं बोलत नाही."